किडेवाली सून

रवि. १६ फेब्रुवारी २०२५

संकष्टी. पोट पुन्हा बिघडलं. देवापुढे बसले तर आतून कळ.

वरदने रात्री सांगितलं – खांदेश्वरला भाड्याचं घर बघितलंय, पाडव्याआधी जाऊ. अस्मिता मान खाली घालून बसली होती. सगळं तिचंच. एकुलता एक मुलगा, लग्नाला वर्ष झालं नाही, तोवर निघाली घेऊन.

सोम. १७

सूनबाई किड्यांवर पीएच.डी. करतात. खाटकाकडून बकऱ्याच्या कलेज्या आणायच्या, त्यातले चपटे किडे काढून लॅबमध्ये बशीत जिवंत ठेवायचे. हे मुद्दाम विचारतात आणि ती जेवतानाही सांगते. "बाबा, किड्याची नस स्नायूला चिठ्ठी पाठवते, आवळ म्हणून. तसलीच चिठ्ठी आम्ही बाहेरून थेंबभर टाकली की किडा आकसतो. भलत्या वेळी आकसला तर त्याची पकड सुटेल. तसं औषध शोधायचंय."

"म्हणजे खोट्या चिठ्ठीवर घर सोडायला लावायचं," हे म्हणाले. दोघं हसले. मी ताट उचललं. माझ्या मुलाला कुणाची चिठ्ठी गेली, ते नाही कुणी विचारत.

असल्या हातांना मी ओट्याशी येऊ देत नाही. देवघरात तर नाहीच. पेलाही वेगळा ठेवलाय. परभणीकडची, बौद्ध घरातली – त्याबद्दल मी एक अक्षर काढलेलं नाही. लग्नात उभी राहिले, आल्यागेल्याचं केलं. किड्यांचं तेवढं म्हणते.

गुरु. २०

डॉक्टर म्हणाले जंत असतील, शौचाची तपासणी करा. घरी आल्यावर मी सगळ्यांसमोर बोलले – किड्यांचे हात घरात फिरले तर किडे पोटातही जाणार.

अस्मिता म्हणाली, "आई, ते असे नाही येत. पण मी लॅबमध्येच आंघोळ करून येत जाईन. मग चालेल?"

मी तिचा वेगळा पेला तिच्यापुढे सरकवला. वरद भरल्या ताटावरून उठला.

शनि. २२

रिपोर्ट आला. इंग्रजीत एक लांबलचक नाव. अस्मिताने दोनदा वाचलं. मग हळूच – "आई, शिंगाडे कच्चे खाता? दातानं सोलून?"

खाते. नवरात्रापासून जवळजवळ प्रत्येक उपवासाला खाल्ले. ताजे, हिरवे. उकडायला गॅस कशाला जाळायचा? तर म्हणे तळ्यातल्या सालीला त्याची पिल्लं चिकटलेली असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. साल दाताला लागली की पोटात. बकऱ्याचा किडा वेगळा, हा माणसाच्या आतड्यातला. "पण भाऊबंदच," म्हणाली.

देवाला दाखवून खाल्लेलं. आणि हे मला कळायचं कुणाकडून, तर तिच्याकडून.

हे म्हणाले, "सुनेचं माहेर तुझ्याच पोटात निघालं की."

सोम. २४

डॉक्टरांनी गोळी दिली. ही गोळीही किड्याचे स्नायूच आखडवते म्हणे. अस्मिता दारात घुटमळत होती. "आई, पडला तर फेकू नका. माणसातला आम्हाला बघायलाच मिळत नाही." सासूला असलं मागायला लाज नाही.

मंगळ. २५

पडला. बोटाएवढा, चपटा, मांसाच्या रंगाचा. इतके दिवस आत धरून बसला होता. आंघोळ करून पुन्हा आंघोळ केली.

अस्मिता तो बाटलीत घालून घेऊन गेली. जाताना म्हणाली, "आता बरं वाटेल तुम्हाला." टोमणा होता का, ते शोधत राहिले. नव्हता.

बुध. २६

महाशिवरात्र. देवळातून आल्यावर वरदला एकट्याला गाठलं. म्हटलं, माझं दुखणं तिच्या किड्यांचं नव्हतं, कळलं मला. ओट्याशी आली तरी चालेल. आता तिला समजाव, वेगळं व्हायचं खूळ सोड म्हणावं.

वरद म्हणाला, "ती कधी जाऊ म्हणालीच नाही, आई. घर मी शोधलं. ती तर पीएच.डी.चा विषय बदलायला निघाली होती, किडे सोडते म्हणत होती. तुझं किड्यांचं कारण तिला खरं वाटतं. मला नाही वाटत."