पंखातल्या उलट्या तारा

१२ नोव्हेंबर १९५६, सोमवार

झाला! हिंदुराव झाला हेड फिटर! आठ वर्षांपूर्वी चिंचवडच्या मळ्यात बैल हाकणारा गडी, आणि मी अकरा वर्षं विमानं खोलतोय तो आता त्याच्या हाताखाली! फ्लाइंग क्लबच्या साहेबांनी हारही माझ्याच हातून घालायला लावला. दात काढून हसलो. काय करणार?

१४ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये गेलो. उद्या उडायच्या विमानाच्या पंखांचं काम हिंदुरावनं एकट्यानं केलंय. सहज आत वाकून विमान वळवायचा दांडा डावीकडे केला. पंखाच्या फळ्या भलतीकडेच हलल्या! दोन तारा उलट्या जोडल्यात गाढवानं! डावीकडे वळवलं की विमान उजवीकडे कलंडणार.

तेवढ्यात तोच आला. "बगितलंत का भाऊ?"

"बघितलं." पुढे एक शब्द बोललो नाही. उड्डाणाआधी साहेब दांडा हलवून बघतातच. उद्या चारचौघांत चांगली जिरेल!

घरी आल्यावर विमल म्हणाली, "आज स्वारी खुशीत?"

१५ नोव्हेंबर

पुण्याचे पाहुणे ताटकळलेले, साहेबांना घाई. "हिंदुराव, तपासलंस ना?" — "व्हय साहेब." झालं! दांडा कुणी हलवलाच नाही.

ज्यानं काम केलं त्यानं पहिल्या फेरीत बसायचं, हा शेडचा नियम. साहेब चालवायला मागे बसले, हिंदुराव पुढच्या सीटवर चढला. मला हात केला मेल्यानं! मी दहा पावलांवर. ओरडायला तोंड उघडलं. पण मग विचारतील, काल का गप्प बसलास? नोकरी गेली असती.

विमान झाडांच्या वर गेलं, डावीकडे वळायला गेलं आणि उजव्या अंगावर उलथलं. नदीकाठच्या ज्वारीत. साहेब जागीच गेले.

१६ नोव्हेंबर

हिंदुराव वाचला. कमरेखाली काही कळत नाही म्हणे. मी रात्री व्यवस्थित जेवलो. लिहायला लाज वाटते, पण जेवलो.

२४ नोव्हेंबर

चौकशी संपली. हिंदुरावनं खाटेवरून जबानी दिली — "चूक माज्या येकट्याची."

हेड फिटर मी! विमलनं शिरा केला. हार मात्र कुणी घातला नाही. लागलं मनाला.

२ डिसेंबर, रविवार

इस्पितळात जाऊन आलो. न जाऊन कसं चालेल, लोक बोलतात. त्याची बायको सावित्रीबाई पाणी आणायला उठली. हिंदुराव हळूच म्हणाला, "भाऊ, आट वर्सं माजी येक चूक तुमी सोडली न्हाई. त्या दिशी बगून गप ऱ्हायलात. मंग म्हनलं, काम बराबरच आसंल. म्हून परत तपासलं न्हाई म्या."