उभ्या गाडीची थरथर

डिंडोली, सुरत

प्रिय अंजना,

तुझे गुडघे काय म्हणतात? गच्चीवर चढतेस, की अजून वाळवण आणायला दुसऱ्यालाच पिटाळतेस? भाऊरावांचा खोकला बसला का? त्यांना म्हणावं, वहिनीने विचारलंय, विडी सुटली की नुसती लपली? चैतालीचं बाळ रात्री झोपू देतं का तिला? एकेकाचं वेगवेगळं लिही, ‘सगळे मजेत’ एवढ्यावर माझी बोळवण करू नकोस. इथे ललित आणि सूनबाई दिपाली सुखरूप आहेत. माझं पिको-फॉलचं काम चालू आहे, सुईत दोरा अजून माझा मीच ओवते.

बातमी आहे ती गाडीची. तुझ्या दादांची ती पांढरी गाडी ते गेल्यापासून सोसायटीच्या भिंतीला लागून उभीच होती. बॅटरी मरू नये म्हणून मी सकाळी खाली जायची, चालू करून जरा वेळ आत बसायची आणि बंद करून वर यायची. मला चालवता येते, त्यांनीच हौसेने शिकवली. पण शेजारच्या सीटवर ते नसताना गाडी फाटकाबाहेर काढायला मन धजत नव्हतं. मग ललितने कामरेजचं एक गिऱ्हाईक आणलं. म्हणाला, “आई, हिला उभ्या उभ्या हिवताप भरतो. रविवारी देऊन टाकू.” पोरगा खोटं बोलत नव्हता. गाडी जागेवर चालू ठेवली की स्टिअरिंग हातात कापायचं आणि आरशात मागची एक रिक्षा दोन दिसायची. पण ॲक्सिलरेटर दाबला की एकदम शहाणी! मला काही केल्या उमजेना, जी पळताना दमत नाही ती बसल्या जागी का थरथरते? हा प्रश्न डोक्यात असा शिरला की एका बाईच्या साडीला मी उलट्या बाजूने पिको करून ठेवलं. शेवटी ललितला म्हटलं, “रविवारपर्यंत थांब. सुधारली तर राहील, नाही तर घेऊन जाऊ दे त्याला.”

ललितच्या वर्गातला कुंदन आठवतो ना? पर्वत पाटिया भागात त्याचं गॅरेज आहे, तो हत्यारं घेऊन इथे सोसायटीतच आला. त्याने आधी प्लग बदलले, मग इंजिनात हवा जाते तिथली काजळी पुसली. थोडा फरक पडला, पण थरथर काही जाईना. मग त्याने मला सायलेन्सरच्या मागे तळहात धरायला लावला. “मावशी, वाफारा सारखा येतो की मध्येच ठेच खातो, बघा.” सारखा येत होता. म्हणजे इंजिनात कुणी कामचुकार नव्हता, सगळे सिलिंडर आपापलं ओढत होते. मला आपलं माझं पिको मशीन आठवलं. त्याची मोटर ठणठणीत, पण टेबलाच्या पायाखालचं रबर झिजलेलं. जोरात चालवलं तर कळायचं नाही, हळू चालवलं की सगळं टेबल खडखडायचं. दादा म्हणायचे ना, “मशीनले बठाले नीट जागा लागस.” मी कुंदनला विचारलं, “अरे, हे इंजिन बसतं कशावर?” तो हसत सुटला. “मी तिथेच येत होतो, मावशी. असं करा, तुम्ही गॅरेज सांभाळा, मी घरी बसून पिको करतो!”

इंजिन रबराच्या गाद्यांवर बसतं म्हणे, माउंटिंग म्हणतात त्याला. कुंदनने खालून लाकडाची फळी देऊन जॅकने इंजिन हलकं उचललं आणि उजवीकडची गादी सोडवली. रबर फाटलेलं होतं, आणि फटीत काहीतरी ठासून बसवलेलं होतं. त्याने पकडीने ओढून काढलं. लूमच्या पट्ट्याचा तुकडा होता तो, दुहेरी घडी घालून सुतळीने शिवलेला. टाका बघताच मी ओळखलं, तुझ्या दादांचाच. जन्मभर कापडाचे लूम दुरुस्त केलेला माणूस, कशालाही पट्टा लावून मोकळा व्हायचा! घरातली खाट, पाळण्याची कडी, माझी चप्पलसुद्धा. पण पट्टा ओढायला कामाचा, उशी म्हणून नाही; इंजिनाचा सगळा हिसका तो जसाच्या तसा गाडीला देत होता. कुंदन तो भंगारात टाकणार होता. मी हात पुढे केला, तेव्हा त्याने तो फडक्याने पुसून दिला. आणि अंजना, मला रडू येईल असं वाटलं होतं, पण हसूच आलं. कधी गाडीखाली शिरले असतील, मला पत्ताही लागू दिला नाही.

नवी गादी बसली. रविवारी ललित गाडीत बसला आणि त्याने चावी फिरवली, तर करकर असा भयंकर आवाज आला. गाडी मी आधीच चालू करून ठेवली होती गं! त्याला कळलंच नाही. खाली उतरून कानामागे खाजवत म्हणाला, “बरं आई, तू जिंकलीस.” कामरेजच्या माणसाला त्याने माझ्यासमोरच नाही म्हणून कळवलं. मग अगदी मायेने विचारलं, “पण तुला जायचं कुठे आहे?”

खरंच, कुठे जायचं होतं मला? भाजी दारावर येते, साड्या गिऱ्हाईक आणून देतं. वर्षश्राद्ध उलटलं तरी मी कोपऱ्यापलीकडे गेलेली नाही. दिपालीही माझ्या तोंडाकडे बघत होती. तेव्हा मी बेधडक ठोकून दिलं, “दोंडाईचाला. अंजनाने बोलावलंय.” आता तू मला बोलावलेलं नाहीस, हे तुला माहीत आणि मला माहीत. फोनवर हे सांगावं तर दोन खोल्यांच्या घरात भिंतीलाही ऐकू येतं. एरवी नणंदेने माहेरी यायचं असतं, पण या खेपेला वहिनीला माहेर दे. ललितच्या हातात पडेल असं पत्र टाक, ‘वहिनी, ये’ एवढं ठळक लिही, आणि नवापूरच्या पुढे रस्ता कसा आहे तेही विचारून कळव. लवकर लिही गं, मी रोज खाली जाऊन गाडी चालू करते आणि पोस्टमनची वाट बघते.

तुझीच,
सुषमावहिनी