सगळ्यांनी गुरुवारी बसायचं

पलूस, ३ फेब्रुवारी १९७५

तीर्थरूप अण्णांना धाकट्या शालूचा नमस्कार. वि. वि.

इकडे ऊसतोड चालू आहे, म्हस व्याली. वहिनीला सांगा, खरवस केला पण तिच्यासारखा जमला नाही.

ह्यांना एकाहत्तरच्या लढाईनंतर पलटणीनं घरी सोडल्यापासून तिसऱ्यांदा सांगलीच्या दवाखान्यात ठेवलं होतं. बरे होऊन आले आणि पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसले. मामंजींनी मागच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली, विहिरीकडं जातील म्हणून. कडी ह्यांना असली तरी अडकलेय मी. राखण माझ्याकडं. पाण्यालाही आत्याबाई एकटीला सोडत नाहीत, बाया विचारतील म्हणून. लढाईपासून माहेरची, वडूजची वेस दिसली नाही.

दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई संशोधन करतायत. काही घरांना नुसत्या गोळ्या. काहींना गोळ्या, आणि दर गुरुवारी घरातल्या सगळ्यांनी त्यांच्यासमोर बसून बोलायचं. कुणाचा माणूस जास्त दिवस बरा राहतो, ते त्यांना बघायचंय. आमचं घर बोलणाऱ्यांत आलंय. मामंजी म्हणाले, येडा एकजण, आन् दवाखान्यात समद्यांनी बसायचं व्हय? अण्णा, तुम्ही मामंजींशी बोला.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापे. माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची शालू

वडूज, १५ फेब्रुवारी १९७५

चि. सौ. शालूस जोतीरामचे अनेक आशीर्वाद.

सातवी झालीस तरी तुझे ऱ्हस्व-दीर्घ अजून म्हशीमागं पळतायत. असो.

तुझ्या सासऱ्यांना, हंबीररावांना, पलूसच्या बाजारात गाठलं. म्हटलं, पलटणीत एकाच्या टाचेला फोड आला तर त्याचं ओझं समदे वाटून घेतात. त्यावर म्हणाले, जोतीराम, तितं माझ्या पोराला न्हाई इचारणार, मला इचारतील, तू काय केलंस. मग चहा बशीत ओतून प्यायले. उठताना म्हणाले, एक डाव येतो, पर एकच.

गेलीस की तू पण बोल. सासू-सासऱ्यांकडं बघून शब्द गिळू नकोस. खुशाली कळवत जा, जीव लागून राहतो.
तुझा अण्णा

पलूस, २८ फेब्रुवारी १९७५

तीर्थरूप अण्णांना शालूचा नमस्कार.

काल गेलो. बाईंनी दोष कुणाचा, हे विचारलंच नाही. प्रत्येकाला भीती कशाची वाटते, एवढंच विचारलं. मामंजी लय वेळ पटक्याचं टोक चाचपत राहिले. मग म्हणाले, माझा थोरला भाऊ असाच हिरीत गेला, ह्यो बी जाईल. घरात सगळे म्हणायचे, त्यांचा पाय घसरला होता. आत्याबाईसुद्धा बघत राहिल्या.

ह्यांनी मान वर केली. आबा, मला मरायचं न्हाई, म्हणाले. कडी वाजली की खंदकात मातीखाली गाडल्यागत हुतं, म्हणून वरडतो.

मग माझी पाळी आली. मी म्हटलं, मला घरी जायचंय. आत्याबाई म्हणाल्या, घरीच तर चाललोय की. मी म्हटलं, वडूजला.

निघायची वेळ झाली. पुढच्या गुरुवारी येतो, एवढं मामंजी बाईंना म्हणाले. आशीर्वाद असू द्या.
शालू

पलूस, ११ एप्रिल १९७५

तीर्थरूप अण्णांना शालूचा नमस्कार.

कडी आता लावत नाहीत, पण रात्री सगळ्यांचा एक कान तिकडंच असतो. गेल्या आठवड्यात ह्यांचं पुन्हा बिघडलं. या खेपेला स्वतःच ओसरीवर येऊन म्हणाले, आबा, डोकं फिराय लागलंय, सांगलीला चला. मामंजींनी कोट चढवला आणि ह्यांच्यासोबत एस.टी.ला उभे राहिले. बाई म्हणतात, बरं होणं असंच, पुढं-मागं. त्यांच्या संशोधनाचं काय ते पुढं कळेल.

कालच्या बैठकीत मी सांगितलं की वडूजला जाते, आणि परत यावंसं वाटेल का, ते आज ठाऊक नाही. मामंजी उठून बाहेर गेले. आत्याबाईंनी पदर डोळ्याला लावला. हे म्हणाले, जा. तू यावंस म्हणून मला बरं व्हायचं न्हाई, माझं मला व्हायचंय.

सोमवारच्या गाडीनं निघते. स्टँडवर कुणाला पाठवू नका, अण्णा. मला एकटीनं चालत यायचंय.

भेटीअंती बोलू. तोवर लोभ आहे तसा राहू द्या.
तुमची शालू