अडतीस शेळ्या, तीन वारे

३ फेब्रुवारी

ति. आत्यास,
सा. न. वि. वि.

सीमेवरच्या नव्या कुंपणाची तार मीच ओढली, म्हणून तुझे टोमणे निमूट ऐकतो. गेल्या महिन्यात तारेला धक्का लागून भोंगा एकेचाळीसदा वाजला. चौकीबाहेरच्या फळ्यावर रीतसर कारणं लागली आहेत: अडतीस शेळ्या, तीनदा वारा. तिसरा वारा म्हणजे आमचे साहेब. चष्मा शोधायला तारेखाली वाकले होते. घुसखोर एकही नाही. चोरून राहणारे परवाना घेऊन फाटकातून येतात आणि मुदत संपली तरी जात नाहीत. ते बघायला माणूस नाही. आम्ही सात जण शेळ्यांमागे, परवान्याच्या खिडकीवर एकटा कारकून.

त्याच खिडकीत पलीकडे राहणाऱ्या तुझ्या होणाऱ्या भाचेसुनेचा अर्ज चौदा महिने पडून आहे. महिनाअखेर परवाना आला नाही, तर ती नोकरी करते तो दवाखाना तिची दूर बदली करणार; मग लग्न विसरा. कुंपण वाढवण्याच्या सभेत तू बोलणारच. माझं नाव घेऊ नकोस, नोकरी जाईल.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा भाचा

१२ फेब्रुवारी

चि. भाच्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल सभा झाली. तासाभराचं भाषण पाठ होतं, जुन्या साम्राज्यांच्या तटांपासून. ते बाजूला ठेवलं आणि फळ्यावरची यादीच वाचली. दहाव्या शेळीला सभागृह हसू लागलं. विसाव्या शेळीला शेळ्यांचा मालक उठून म्हणाला, की इतकी राखण त्याने स्वतःही कधी केली नाही. मग मी ठणकावून सांगितलं, की सीमा राखायलाच हवी. पण दारावर माणूस न ठेवता भिंत उंच करणं ही राखण नव्हे, मिरवणूक आहे.

तेवढ्यात तुझे साहेब उठले. त्यांनी तिसरा वारा आपणच असल्याची कबुली दिली आणि कुंपणाऐवजी खिडकीवर पाच माणसं मागितली. मिळाली. त्यातलं पहिलं नाव तुझं. ते मी घेतलेलं नाही.

रागावलास तरी लिहीत राहा.
आत्या

१ मार्च

ति. आत्यास,
सा. न. वि. वि.

खिडकीवर बसलो आणि पहिल्याच गठ्ठ्यात तिचा अर्ज निघाला. घरच्यांचा कागद हाताळायचा नाही, म्हणून शेजाऱ्याकडे सरकवला. त्याने दोन दिवस मला छळून शिक्का मारला.

काल ती दोन पेट्या घेऊन परवाना घ्यायला आली, नेमकी माझ्याच खिडकीशी. नियम सांगून तिला शेजारच्या रांगेत पाठवावं लागलं. ती म्हणाली, की चौदा महिने थांबले, आता आणखी अकरा माणसं थांबेन. फक्त इथून तू दिसायला हवास. मी खुर्ची सरकवून घेतली.

आम्हा दोघांवर लोभ ठेव.
तुझा भाचा