चौकीवर मांडवीची जाळी

१२ नोव्हेंबर, बुधवार
सकाळीच शालू आली. मंदारचा फोन होता म्हणे. तिचा मुलगा, माझा भाचा. सीमेवरच्या चौकीत आहे, कुठे ते आम्ही विचारत नाही. त्याला मासेमारीची जुनी जाळी हवीत. ड्रोनचा रेडिओ तोडणारं यंत्र आहे त्यांच्याकडे, पण हल्ली काही ड्रोन मागे बारीक तार सोडत येतात, त्यांना रेडिओ लागतच नाही. लग्नात फोटो काढतात तेवढा ड्रोन, खाली स्फोटक. वर जाळं टांगलं तर अडकतो. सरकारी जाळी येतील तेव्हा येतील, तोवर मिळतील ती आणा, असं साहेब म्हणाले.
"मांडवीच्या कोळ्यांत तुझा शब्द चालतो, भाऊ. तू बोल."
म्हटलं, जन्मभर युद्धाविरुद्ध बोललो, आता युद्धासाठी झोळी फिरवू?
"जाळं कुणाला मारतं?"
"माशांना."
हसली नाही. चहा तसाच ठेवून गेली.

१५ नोव्हेंबर, शनिवार
मांडवीत बोललो. गर्दी चांगली. जाळ्यांपासून सुरुवात, मग शस्त्रांचे कारखाने, मग मरण इतकं स्वस्त कुणी केलं... नेहमीचा ओघ. मधे एकाचा फोन वाजला, त्याला उभा करून झापलं. टाळ्या कडकडून. जाळं एकही नाही.
गजाभाऊ लाँचवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, बोललात फक्कड. पण जाळी पायजेत कोणाला, तेवढं सांगायचं ऱ्हायलं."
खरंच. मंदारचं नावही घेतलं नव्हतं.
"आन् जुनी जाळी सगळ्यांच्या परसात, माकडांसाठी. ती काढली तर पावटा ऱ्हाईल काय?"

१६ नोव्हेंबर, रविवार
आधी माझ्या पावट्यावरचं जाळं उतरवलं. मग शालूबरोबर घरोघर. भाषण नाही, ती फक्त मं.चं नाव सांगायची. दुपारपर्यंत घराची ओटी जाळ्यांनी भरली.
मनाची समजूत: जाळं उडत नाही, कुणाच्या घरावर जाऊन पडत नाही. समजूत पुरी पडली असं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार
रजा संपवून परतणाऱ्या दोघा ओळखीच्या जवानांबरोबर गोण्या रवाना. स्टेशनवर एक प्रवासी नाकाला रुमाल लावून डबा बदलून गेला. शहरी नखरे, असं मी शालूला म्हटलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार
मं.चा फोन. नखरे नव्हते.
"मामा, जाळ्यांना सुक्या मासळीचा वास मारतो. घारी जमतात वर. आकाशात हलतंय ती घार की ड्रोन, पहारेकऱ्याला कळेना. साहेबांनी सगळी उतरवायला लावली."
धुवून का घेत नाही?
"इथे पाणी पिण्यापुरतं."
मग आता?
"आता काय, वर बघत बसतो."
शालूला शेवटचं वाक्य सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही, म्हणजे कळलं असावं.
गजाभाऊला सांगितलं तर तो म्हणे, "वास? कसला वास?" आम्हां कुणालाच कधी आला नाही. चूक ती हीच.

२ डिसेंबर, मंगळवार
नवी खेप. गजाभाऊने या वेळी स्वतःच्या परसातलं जाळं दिलं, हिरव्या दोरीचा जोड असलेलं. "तुमचा मंदार सुट्टीत लाँचवर यायचा ना, मेल्यान त्यानंच फाडलंन होतं. मी जोडलंय. जाव दे त्याच्याकडंच."
भंडाऱ्याच्या मोठ्या टोपात सोडा घालून उकळली. वाळली की वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूबाईंना हुंगायला द्यायची, त्या सोलापूरच्या. दोनदा "अजून येतोय हो" म्हणाल्या. तिसऱ्यांदा पास, गोण्या रवाना. गजाभाऊ म्हणतो, बाईंना बोटीवर कामाला ठेवू.

९ डिसेंबर, मंगळवार
मं.चा निरोप: जाळी लागली. घारी नाहीत.
माकडं मात्र इकडे. पावट्याचा एक वाफा साफ.

१३ डिसेंबर, शनिवार
दुपारी मं.चा फोन. आवाज हळू.
"एक अडकलाय, मामा. हिरव्या जोडाला लागून लटकतोय. पंखे थांबलेत, पण फुटला नाही. निकामी करणारं पथक निघालंय. तोवर पहारा माझा."
लांब राहा म्हटलं.
"लांबच आहे. किती ते विचारू नका. झालं की फोन करतो."
गजाभाऊकडे गेलो. तो जाळं सांधत होता, सुई खाली ठेवली. मग, "वाऱ्याने सुटायचा नाय माझा जोड." सुई पुन्हा उचलत, "दोरी जुनी होती पण."

१४ डिसेंबर, रविवार
फोन नाही. आपण लावला तर लागत नाही. शालू सकाळपासून ओटीवर बसून आहे, फोन मांडीवर. आज चहा प्यायली.
पावटा संपला. माकडं उद्या शेजाऱ्यांकडे जातील.
उद्या वेळणेश्वरला व्याख्यान. विषय जुनाच: युद्ध कुणाला हवं? टिपणं काढली. त्यातलं एकही वाक्य खोटं ठरलेलं नाही, उद्याही तेच बोलणार. फक्त सुरुवात मंदारच्या नावाने.
आयोजकांना कळवलं: माझा फोन टेबलावर असेल, चालू. वाजला तर मी बोलणं थांबवीन.