दुर्बीण कशावर बसवावी

प्रिय वेंडेल,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर तू दोन मिनिटांत "टेसा जेवायला बोलावतेय" म्हणून सुटतोस, आणि खरं सांगायचं तर मीही सुटते. कागदावरून तसं पळता येत नाही. रविवारची दुपार आहे, दुकान बंद आहे आणि कुत्रं माझ्या पायांवर बसलंय, म्हणजे मला उठायचीही सोय नाही. उद्यापासून हरणांचा हंगाम. लेकीकडे, तिकडे कॅन्सासात, आपल्याला त्याची आठवण येत नाही असं तू म्हणतोस. तुझ्यासारखा खोटारडा तूच.

इथे यंदा मका उशिरा निघाला. खाणीमागचं शेत अजून उभंच आहे, त्यामुळे हरणं आत लपून बसणार म्हणून सगळे कुरकुरतायत. दुकानात आठवडाभर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांना ऐन वेळी जाग येते. कुणाची दुर्बीण हलते, कुणाला काडतुसं बदलायचीत, आणि ऑरिनला नेहमीप्रमाणे फुकट सल्ला हवा असतो. गेल्या सोमवारी तो त्याची जुनी पंप बंदूक काखोटीला मारून आला. "नोरीन, आता डोळे साथ देत नाहीत. दुर्बीण बसवून दे. पण कशावर बसवायची ते तूच ठरव, मला त्यातलं काय कळतंय!" मी क्षणभरही विचार न करता म्हणाले, "नळीवर. दुसरीकडे कुठे नाही." त्यावर त्याने माझ्याकडे बघितलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "मग वेंडेलच्या बंदुकीला खोगीर का घातलंस गं?"

वेंडेल, तो सहज बोलला. त्याच्या पोटात काही नव्हतं. मी मात्र हातातला पेचकस ठेवून दिला.

तुला आठवतंय ना, तीन वर्षांपूर्वी तूही हेच मागितलं होतंस. कॅटलॉगात बोट ठेवून दाखवलंस: नळीलाच जोडलेली पट्टी, तिच्यावर दुर्बीण. मी तुला हसले. "डॅडींनी तीस वर्षं खोगीरच बसवलं, कुणाची तक्रार आली नाही," असं म्हणाले आणि बंदुकीच्या धडावर दोन्ही बाजूंनी बसणारं ते खोगीर तुझ्या गळ्यात मारलं. गोष्ट साधी आहे, मला तेव्हाही ठाऊक होती. धड वेगळं, नळी वेगळी. नळी आत सरकवून पुढची टोपी आवळायची, एवढाच त्यांचा संबंध. दुर्बीण धडावर असेल तर ती धडाबरोबर बघते आणि गोळी जाते नळीबरोबर. छऱ्यांना त्याने काही बिघडत नाही. एकाच जाड गोळीला बिघडतं. आणि आपल्या घरची शिस्त तर तुला पाठच आहे. नेम जुळवून झाला की नळी काढायची, पुसायची, तेलाचं बोट फिरवायचं, मगच जेवायला बसायचं. ओली नळी ठेवली म्हणून डॅडींनी तुला एकदा उपाशी झोपवलं होतं. हंगामाच्या आदल्या दिवशी तू विचारलंस, "नळी काढली तर नेम हलणार नाही ना?" मी जेवणाच्या टेबलावरून, तोंडात घास असताना, म्हणाले, "काही होत नाही."

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तो आठ टोकांच्या शिंगांचा नर तुझ्यासमोर आडवा उभा, तोंड डावीकडे, फार तर सत्तर पावलं. बंदूक कुंपणाच्या खांबावर टेकवलेली. एवढ्यावरून तू बाराव्या वर्षीही चुकला नसतास. गोळी खांद्यामागे लागायची ती वीतभर उजवीकडे, पोटात गेली. दोन दिवस तू त्याचा माग काढलास, ओढ्यात छातीपर्यंत भिजलास, आणि तो मिळाला नाही. जनावर हाल होऊन मेलं, हे तुला सहन झालं नाही. घरी येताना गाडीत तू स्वतःचे हात बघत बसला होतास. म्हणालास, "डॅडींचंही असंच सुरू झालं होतं." पहिल्यांदा नेम चुकला, मग सूपचा चमचा सांडायला लागला, मग बटणं लागेनात. चार वर्षं आपण दोघांनी त्यांना भरवलं. मी तेव्हा गाडी चालवत होते.

चूक खोगिराची होती हे तेव्हा मला माहीत नव्हतं, एवढं मात्र खरं. त्याच आठवड्यात, शुक्रवारी कळलं. तू बंदूक माझ्याकडेच टाकून गेला होतास. मी ती खाणीत, नेम जुळवायच्या जागी नेली, बाकावर वाळूच्या पिशव्यांत घट्ट बसवली. शंभर यार्डांवर नेम जुळवून पाच गोळ्या झाडल्या, त्या तीन-चार बोटांत बसल्या. मग नळी काढली, पुसली, पुन्हा लावली, टोपी आवळली, आणखी पाच झाडल्या. त्याही एकमेकींना चिकटून बसल्या, पण वीतभर उजवीकडे. मी कागद घडी करून खिशात घातला आणि घरी येऊन बटाटे सोलले.

का बोलले नाही, याचं उत्तर मला गोड करून सांगता येणार नाही. डॅडी गेल्यावर पहिली दोन वर्षं लोक बंदूक घेऊन दारापर्यंत यायचे आणि मला बघून परत जायचे. नुकता कुठे जम बसला होता. तुझं नाव खराब झालं असतं तर लोक चार दिवस हसले असते. माझं झालं असतं तर दुकान बसलं असतं. असं मी मनाला समजावलं. ऑरिनने तुला "चष्मा बदल म्हाताऱ्या" म्हणून डिवचलं तेव्हा तू सगळ्यांसमोर हात पुढे धरून म्हणालास, "चष्मा नाही रे, हेच गेले." आणि मी तिथेच, तुझ्या शेजारी बसले होते. मी चोर आहे, वेंडेल.

मला वाटलं होतं, तू फक्त शिकार सोडशील. तू रोझलिनला सोडलंस. तुला वाटतं मला कारण कळलं नाही, पण मी तुझी बहीण आहे. तिने एका नवऱ्याचं आजारपण काढलंय, दुसऱ्याचं तिच्या पदरी नको, म्हणून तू घर विकून टेसाकडे निघून गेलास, आणि तिला वाटलं तुझं मन उडालं. तुझ्या हातांबद्दल मी डॉक्टरांसारखं काही सांगू शकत नाही. पण तू ते आजवर एकाही डॉक्टरला दाखवलेले नाहीत. टेसाला मी विचारलं, ती म्हणाली, "बाबा अजूनही सुईत दोरा एका फटक्यात ओवतात." तू जाऊन तपासून घे, भीतीपोटी बसू नकोस. ज्या चुकीसाठी तू स्वतःला शिक्षा दिलीस ती तुझी नव्हतीच, याचा पुरावा माझ्या खिशात होता.

त्या सोमवारनंतर मला झोप नाही. गुरुवारी मी ऑरिनला खाणीत नेलं आणि तुझ्याच बंदुकीवर दोन्ही प्रकार करून दाखवले. आधी खोगीर, मग पट्टीची नळी. पट्टीवाली मी चार वेळा काढली, चार वेळा लावली, गोळ्या जागच्या हलल्या नाहीत. तो कागद एकमेकांशेजारी धरून म्हणाला, "मी त्याला फार बोललो गं."

आज सकाळी अग्निशमन केंद्रात हंगामाआधीची न्याहारी होती. सगळं गाव पॅनकेकवर तुटून पडलं होतं. मी उभी राहिले, जुना कागद वर धरला आणि जे तुला लिहिलंय ते सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. कुणी दुकानाचं नावही काढलं नाही. मला हलकं वाटलं, अगदी चांगलं काम केल्यासारखं. रोझलिन कॉफी वाढत होती. ती किटली घेऊन माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "वेंडेलला कधी सांगितलंस?" मी म्हणाले, अजून नाही. तिने किटली टेबलावर ठेवली. "मग आम्हाला काय सांगतेस?" मी ताट तसंच टाकून घरी आले आणि हे लिहायला बसले.

तुझीच धाकटी,
नोरीन