वखारीच्या शाळेतली जागा

आत्ती,

तुम्हाला पाहिलेलं माणूस या घरात आता माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. हे गेले, शेजारपाजारची मंडळी गेली, तुमचा नातू तर तुमच्या मागं जन्मला. त्याला मी तुमच्याबद्दल सांगते तेव्हा तो ऐकून घेतो, पण त्याच्यासाठी तुम्ही नुसती एक गोष्ट आहात. माझ्यासाठी तुम्ही अजून चुलीपुढं बसलेल्या आहात, पदर खोचून परातीत तांदळाची भाकरी थापताय, आणि मागं न बघता मला म्हणताय, "उभी का गं? बस की." सांगायचं राहून गेलेलं पुष्कळ आहे. आज त्या वखारीच्या शाळेचंच लिहिते, कारण ते मला किती लागलं होतं हे तुम्हालाच ठाऊक होतं.

मी खानापुराकडून तुमची सून होऊन या घरात आले तेव्हा सातवी पास होते, आणि तुम्हाला ते मुळीच आवडलं नव्हतं. शिकलेल्या मुलीचं लक्ष तव्यावर नसतं, असं तुम्ही पहिल्या आठवड्यातच शेजारणीला सांगितलंत, मला ऐकू जाईल असं. आताचं रामनगर तेव्हा एवढं मोठं नव्हतं. रस्त्याच्या कडेला चार दुकानं, चहाची टपरी, आणि पलीकडं ती लाकडाची वखार. हे वखारीच्या ट्रकावर होते. एक दिवस ओंडके उतरवताना एक घसरला आणि यांच्या पायावर आला, आणि घर बसलं. वखारीत सालं काढणाऱ्या बायकांची पोरं दिवसभर ओंडक्यांवर उड्या मारत असायची. यांचा पाय बघून मला त्या पोरांची भीती वाटायला लागली. म्हणून मी त्यांना आपल्या पडवीत बोलावून बसवलं. बसवलं म्हणून अक्षरं शिकवायला लागले. तुम्ही कुरकुर केलीत, "पडवी काय धर्मशाळा हाय?" आणि मग पोरं यायच्या आधी सारवून ठेवायला लागलात. एकदा पाऊस लागला आणि पोरं आली नाहीत, तेव्हा तुम्हीच दारात जाऊन दोनदा वाट बघून आलात. मी बघितलं होतं.

वखारीचे मालक बेळगावचे. वर्षभरानं ते आले, पडवीत पोरं पाढे म्हणत होती ते उभ्या उभ्या ऐकलं, आणि मॅनेजरला म्हणाले, "अहो, या पोरांसाठी एक खोली बांधू आपण. मास्तरीण तर तुमच्या दारातच आहे." मॅनेजरनं मान हलवली. त्या दिवसापासून दुकानदारसुद्धा मला मास्तरीणबाई म्हणायला लागला. खोली उभी राहत होती तसतसा यांचा चेहरा उजळत होता. पाय धड नव्हता, पण घरात पगार येणार होता. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी तुम्ही ट्रंक उघडलीत आणि तुमच्या लग्नातलं शहापुरी लुगडं माझ्या हातात ठेवलंत. मामंजी गेल्यापासून ते तुम्ही बाहेर काढलं नव्हतं. मी म्हटलं, "आत्ती, नको." तुम्ही म्हणालात, "मी आता कवा नेसणार हाय ते? लोकांत उभी ऱ्हाणार तू. नेस."

मी पुढच्या रांगेत उभी होते. नारळ फुटला, पेढे वाटले. मालक आलेच नव्हते. मॅनेजर बोलायला उभा राहिला आणि म्हणाला की मुलांना शिकवण्यासाठी आम्ही खास बेळगावहून बाई आणल्या आहेत. त्याच्या शेजारी बसलेली एक मुलगी उठली आणि तिनं हात जोडले. ती त्याची मेव्हणी. तिनं सातवीची परीक्षा दिली होती, पास झाली होती की नाही हे कुणी सांगत नव्हतं. खाली बसलेली पोरं मागं वळून माझ्याकडं बघायला लागली. त्यांना वाटलं, मी आता काहीतरी बोलेन. सगळ्यांत लहान जी होती ती उठून आली आणि माझ्या निऱ्यांना धरून उभी राहिली. मला तिचा हात सोडवता येईना आणि तिथून जाताही येईना.

सगळं आटोपल्यावर मॅनेजर आपल्याजवळ आला. "वैनी, मन मोठं ठेवा," तो म्हणाला. "घरातलं माणूस असलं की कामावर लक्ष राहतं. आणि तुम्हालाही मी विसरलेलो नाही. शाळेत पाणी भरायला, झाडलोट करायला बाई लागणार. तुमचं घर जवळ आहे."

तुम्ही पदर सावरून पुढं झालात. "पानी भराया बाई पायजे व्हय तुमास्नी? मग मी हाय की. सून कशाला? ती सातवी पास हाय. तिला पानी भराया लावशिला तर मी शिकवाया बसीन. चालंल काय?"

बायका हसल्या. मॅनेजर हसला नाही. घरी आल्यावर मी लुगडं सोडलं, घडी घालायला घेतली आणि तशीच त्याच्यावर तोंड ठेवून रडायला लागले. मला वाटलं तुम्ही पाठीवरून हात फिरवाल. तुम्ही ताट आणून पुढं ठेवलंत. "आदी जेव," म्हणालात. "रडायला बी पोटात काय तरी पायजे."

मला वाटलं होतं तुम्ही ते मॅनेजरला टोचायला म्हणालात. पण दोन दिवसांनी तुम्ही खरंच घागर घेऊन निघालात. मी वाटेत आडवी आले. ज्यांनी मला तसं वागवलं त्यांच्याच दारात तुम्ही पाणी भरायचं? लोक काय म्हणतील? तुम्ही घागर खाली ठेवलीत. त्या वेळचा तुमचा चेहरा मला अजून आठवतो, चिडलेला नव्हता. "घरात चूल पेटाया पायजे का नको? माझ्या लेकाचा पाय बरा हुईस्तोवर कोन जानार? मला पानी भराया येतंय, मी भरतीय. त्यात लाज कसली? तुला शिकवाया येत असताना तू पानी भराया गेली असतीस, तर मला लाज वाटली असती." आणि दोन पावलं जाऊन पुन्हा वळलात, "आनि पडवी का बंद केलीस? पोरं सांजची येत्यात, बघून जात्यात. त्येंनी काय केलंय तुजं?"

संध्याकाळी मी पडवी उघडली. पण दिवसा मला तो रस्ता दिसायचा. तुम्ही झऱ्याकडून येताय, डोक्यावर एक घागर, कमरेवर एक, आणि आतून मेव्हणीबाईंचा आवाज येतोय. ती पोर वाईट नव्हती. तुम्हीच सांगितलंत की ती घाबरट आहे, घरची आठवण काढून रडते, आणि तुम्ही तिला फणसाचे गरे नेऊन देता. मला तेव्हा तुमचा राग आला होता. माझ्या वाटणीचे गरे तिला कशाला? आज हसू येतं. तेव्हा घास गिळवत नव्हता. माझी काय चूक झाली, मी कुठं कमी पडले, हेच मी तांदूळ निवडताना, धुणं धुताना स्वतःला विचारत असे. एकदा मोठ्यानं विचारलं. तुम्ही म्हणालात, "तू कमी न्हाई पडलीस. तुजी भैन म्यानेजराला दिलेली न्हाई, एवढंच." मी खळखळून हसले. त्या दिवशी पहिल्यांदा जेवण गोड लागलं.

दिग्गीची बातमी तुम्हीच आणलीत. बाजाराच्या दिवशी बांबूच्या टोपल्या विकायला आलेल्या बाईशी तुमची गट्टी जमली. तिच्या गावाला, दिग्गीला, शाळा होती आणि मास्तर टिकत नव्हता. आपण दोघी तालुक्याच्या गावी, सुप्याला गेलो, मी शाळाखात्यात अर्ज दिला. तिथले साहेब कागद वाचून माझ्याकडं बघत राहिले. "बाई, जंगलातलं गाव आहे. पावसात चार महिने बाहेर पडता येत नाही. तिथं कोणीच जायला तयार होत नाही."

"आमी जातो की," तुम्ही म्हणालात. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही येणार हे मला तिथं कळलं.

जिथं कुणाचीच मेव्हणी जायला तयार नव्हती, तिथं मला नोकरी मिळाली. गावानं नावं ठेवली. पोरगा एकटा टाकून, तरण्या सुनेला घेऊन म्हातारी रानात चालली. यांचा पाय तोवर बरा झाला होता, ट्रक पुन्हा सुरू झाला होता, आणि हेच म्हणाले, "जावा. मी येत ऱ्हाईन."

दिग्गीचे ते दिवस मी कुणाला नीट सांगू शकले नाही. कारवीच्या भिंती, वर गवत, पाऊस असा की दोघींना एकमेकींशी ओरडून बोलावं लागे. पलीकडच्या टेकडीवर गवे चरायला यायचे आणि तुम्ही त्यांना आपल्या गोठ्यातली गुरं असल्यासारखं रागे भरायचात. गावातल्या बायका कोंकणी बोलत, तुम्ही मराठी, आणि दोन्हीकडून तक्रार नसे. त्यांनी लाल मुंग्यांची चटणी आणून दिली तेव्हा तुम्ही तोंड वाकडं केलंत आणि चौथ्या दिवशी मागून आणलीत. मी शाळेतून यायची, तुम्ही चुलीवर पेज ठेवलेली असायची. "आज कोन न्हाई आलं?" हा तुमचा पहिला प्रश्न. ज्याचं नाव मी घेईन त्याच्या घरी तुम्ही चालत जायचात आणि दुसऱ्या दिवशी ते पोर शाळेत असायचं. काय सांगून आणायचात, मला कधी कळलं नाही. मला आई आठवत नाही, आत्ती. कुणाचं तरी घरी असणं म्हणजे काय, ते मला तिथं कळलं.

तिसऱ्या पावसात तुम्हाला ताप भरला. गावच्या माणसांनी घोंगडीची डोली केली आणि चिखलातून तुम्हाला रस्त्यापर्यंत आणलं. डोलीतून तुम्ही त्यांना वाट सांगत होता, जशी काही ती त्यांना ठाऊक नव्हती. घरी पोचल्यावर थोडं बरं वाटलं. मी उशाशी बसले होते. तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "शाळा बंद ठेवलीयास व्हय?" मी म्हटलं, "तुम्ही बऱ्या झालात की जाते." तुम्ही तोंड फिरवलंत. "मला बघाया लेक हाय. पोरास्नी कोन हाय?" मी गेले नाही. दोन दिवसांनी तुम्हीच गेलात.

मी एकटी परत गेले. पुढं बदल्या झाल्या, आपला मुलूख दुसऱ्या राज्यात गेला, शाळा बदलल्या, आणि मी पेन्शनीपर्यंत पोचले. वखारीची शाळा दोन वर्षांत बंद पडली होती. माझ्या मनातून तो राग पुरता गेला का? नाही. त्या मॅनेजरचा चेहरा आठवला की अजून कान तापतात. पण तेव्हा तुम्ही होता. माझ्या वाट्याचा अर्धा राग तुम्ही उचलला होता. आता सगळा माझ्याकडंच आहे, आणि तो खरा होता हे सांगणारं कुणी नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. घडी घालून ट्रंकेत टाकीन. पण एक सांगते. दिग्गीपर्यंत आता गाडी जाते म्हणे. तुमचा नातू गेली दोन वर्षं म्हणतोय, चल, तुला दाखवून आणतो. मी म्हणते, गुडघे दुखतात, एवढं बसवत नाही. आत्ती, माझे गुडघे इतके काही दुखत नाहीत.